शनिवारचा गठ्ठा

...इनायतभाई, तुम्ही बसा. माईकची वायर आज दुसरं कुणीतरी लावेल. शाल जमिनीला लागतेय तुमची. ज्याचा सत्कार तोच टेबलाखाली गुडघ्यांवर, असा फोटो निघाला तर लोक म्हणतील, महाडकरांना साधा सत्कारही जमत नाही. बसा.

मागे येतोय आवाज? बरं.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय भागोजीराव कळंबे, औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी बदलून घेऊन आलेले प्रमुख पाहुणे फुरकानसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते इनायत मुकादम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी माहरुखभाभी, आणि या उकाड्यात दोनच पंख्यांखाली बसायला तयार झालेल्या माझ्या बंधुभगिनींनो.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. दहा मिनिटांत माझी प्रस्तावनाही होत नाही हे त्यांना माहीत आहे, कारण त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. तरीही प्रयत्न करतो. एक गोष्ट मात्र मला सांगायचीच आहे. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. मध्ये घंटी वाजली तरी.

इनायतभाई उद्या मुंबईला आणि तिथून परवा कुवेतला जाणार. तिथे त्यांचे धाकटे भाऊ अर्शद यांनी संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. जायचं कारण त्यांनी आपल्याला एवढंच सांगितलं. मला आणखी एक ठाऊक आहे. त्याच्याकडे मी येतो.

चार वर्षांपूर्वी त्यांनी इंटरनेटचं दुकान उघडलं तेव्हा तीन संगणक होते आणि टेलिफोनची एकच लाइन. जोडणी होताना मोडेमचा डबा असा काही ओरडायचा की शेजारचे शिंपी म्हणायचे, इनायतची कोंबडी आज पुन्हा धरली कुणीतरी. परीक्षेचे निकाल बघायला मुलं यायची. आखातात माणूस असलेल्या घरच्या बायका यायच्या, पत्र सांगायच्या आणि हे टाइप करून पाठवायचे. मी गेलो तो पेन्शनचा एक अर्ज छापायला. गेलो आणि राहिलो.

राहिलो, कारण तिथे गप्पा चालत. समोरासमोरच्या नव्हे, पडद्यावरच्या. फुरकानसाहेबांनी एक गट काढला होता. औषधाच्या कारखान्यातले चार-पाच केमिस्ट, कुवेतहून अर्शद, मुंबईत नोकरीला असलेले पोलादपूरचे काही जण, आणि मी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. कुठे काय शोध लागला, कोणतं औषध आलं, कोणत्या सॉफ्टवेअरने कुणाचा घात केला. कुणालाही कशाचाही अधिकार नव्हता, फुरकानसाहेब सोडले तर. पण चहाच्या टपरीवर अधिकार कोण विचारतो? एकदा सव गावच्या कुंडातल्या गरम पाण्याने कातडीचे रोग खरंच बरे होतात का, यावर आठवडाभर वाद झाला. शेवटी फुरकानसाहेब कारखान्यातला थर्मामीटर आणि चार बाटल्या घेऊन निघाले. मागे इनायतभाई आणि मी. कुंडाच्या काठावर ठमाबाई म्हणून एक म्हातारी कपडे धूत होत्या. आम्ही थर्मामीटर पाण्यात सोडला तशा त्या म्हणाल्या, ‘‘ताप आलाय काय रं पाण्याला?’’

रोग बरे होतात की नाही ते अजून ठरलेलं नाही. फुरकानसाहेब हसतायत. म्हणजे ठरलेलं नाही.

या गटाची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या गटात असेल असं मला वाटत नाही. ती इनायतभाईंनी पाडली. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी चिठ्ठी द्यायची. बाजाराला आलेली माणसं काउंटरवर चिठ्ठी ठेवून जात. इनायतभाई ती जशीच्या तशी टाइप करत, खाली नाव घालत. आणि दर शनिवारी आठवडाभराच्या गप्पा कारखान्यातून आलेल्या पाठकोऱ्या कागदांवर छापून, दोऱ्याने बांधून, गावोगाव पाठवत. एसटीने. कंडक्टरच्या हातात. एक गठ्ठा पोलादपूरच्या पुढे कापडे गावाला जायचा, भिकाजीराव उतेकरांकडे.

भिकाजीराव मुंबईत टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तीस वर्षं खांबांवर चढले. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येतात. निवृत्त होऊन गावी भातशेती करतात. शनिवारी संध्याकाळी ते पडवीत गठ्ठा सोडत आणि मोठ्याने वाचत. ऐकायला आठ-दहा माणसं असत. सोमवारी त्यांची चिठ्ठी यायची. आमच्या सगळ्या गटात चांगले प्रश्न कुणी विचारले असतील, तर त्यांनी. गेल्या ऑगस्टात संगणकांना तो व्हायरसचा रोग लागला आणि यंत्रं मिनिटामिनिटाला आपोआप बंद पडू लागली, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, ‘‘एका खोलीतल्या एकाला झाला तर बाजूच्याला होतो काय? होत आसंल तर येगळं निजवा.’’ इनायतभाईंनी संगणकांच्या आपसातल्या वायरी काढल्या. दोन वाचले. मंगळावर कधीकाळी पाणी होतं अशी बातमी आली, तेव्हा त्यांची चिठ्ठी एकाच ओळीची होती. ‘‘तिथलं सापडलं, आमच्या वाडीतलं मार्चात कुठं जातं तेबी बघा.’’

त्यांच्या चिठ्ठ्यांची भाषा सुधारून द्यावी असं मी एकदा इनायतभाईंना सुचवलं. शिक्षकाची खोड. ते म्हणाले, ‘‘प्रश्न त्यांचा आहे ना सर? मग राहू द्या त्यांच्यासारखा.’’

हसू येतंय तोवर मूळ गोष्टीकडे वळतो.

या जानेवारीत मी एक बातमी वाचली. दालचिनीने रक्तातली साखर उतरते. परदेशात थोड्या रुग्णांवर केलेला प्रयोग होता. मी अर्धीच वाचली. वीज जाईल या घाईत वाचली असं मी स्वतःला पुढे सांगितलं, पण त्या दिवशी वीज गेली नव्हती. मी गटावर लिहिलं. दीड पान लिहिलं. आपल्या परसातल्या झाडांविषयी लिहिलं, आजीच्या डब्यांविषयी लिहिलं. आणि शेवटचं वाक्य लिहिलं, ‘‘मधुमेहाच्या गोळ्यांचे दिवस आता संपले.’’

हे वाक्य का लिहिलं? लय चांगली होती म्हणून. दुसरं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुरकानसाहेबांनी उत्तर दिलं. चार ओळी. त्या प्रयोगातले रुग्ण दालचिनीबरोबर आपल्या गोळ्याही घेतच होते. कुणीही गोळी बंद करू नये. संपलं. आता मी काय लिहायला हवं होतं? ‘माझं चुकलं’ एवढंच. दोन शब्द. मी लिहिलं, ‘‘याविषयी मतभिन्नता संभवते. वाचकांनी तारतम्य बाळगावे.’’

शनिवारी गठ्ठा कापड्याला गेला.

आता इथे छापण्याविषयी थोडं सांगावं लागेल. पडद्यावर या गप्पा उलट्या दिसतात. सर्वांत नवं वर, सर्वांत जुनं खाली. आम्ही रोज बघणारे, आमच्या ते अंगवळणी पडलेलं. इनायतभाई जसं दिसायचं तसं छापायचे. भिकाजीराव मात्र पोथी वाचावी तसं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. म्हणजे दोन वर्षं कापड्याच्या पडवीत आधी उत्तर वाचलं जात होतं आणि मग प्रश्न. त्यांना हे खटकलं नाही का? मी नंतर विचारलं. ते म्हणाले, ‘‘मला वाटलं शिकलेल्या लोकांची रीतच तशी हाय.’’ ऐकणाऱ्यांना तर त्यात गंमत वाटायची. उत्तर वाचून झालं की भिकाजीराव थांबायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न काय असेल ते ओळखायचं. जो ओळखेल त्याला पहिला चहा.

त्या शनिवारी पहिल्या पानावर माझं तारतम्य होतं. मधल्या पानावर फुरकानसाहेबांची हरकत. आणि सर्वांत शेवटी माझं दीड पान आणि ते वाक्य. पडवीत बसलेल्यांना काय वाटलं असेल? आधी दोघांनी शंका काढल्या आणि शेवटी सगळ्यांना पटलं.

भिकाजीरावांच्या पत्नी रंगूबाई यांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. त्या शनिवारपासून भिकाजीरावांनी त्यांच्या गोळ्या बंद केल्या. दालचिनी सुरू केली. सरांनी लिहिलं होतं म्हणून.

बारा दिवसांनी, गुरुवारी दुपारी, मी दुकानात बसलो होतो. इनायतभाई चिठ्ठ्या टाइप करत होते. त्यांचा हात थांबला. चिठ्ठी त्यांनी माझ्याकडे दिली. ती मला पाठ आहे. ‘‘रंगूच्या गोळ्या बंद केल्या, दालचिनी चालू हाय. तिला तहान लय लागते, काल धरून झोप जास्त. दालचिनीनं असं होतं काय? सरांना विचारणे.’’

मी म्हणालो, कापड्याला फोन लावू. त्या गावातली लाइन दोन दिवस बंद होती. मी म्हणालो, गटावर विचारू. इनायतभाई उठले. मग शटर ओढलं आणि म्हणाले, ‘‘सर, मागे बसा.’’

महाड ते पोलादपूर, आणि पुढे कापडे. इनायतभाईंनी मोटरसायकल कुठेही थांबवली नाही. आम्ही पोचलो तेव्हा रंगूबाई पडवीत निजल्या होत्या. हाक मारली तर डोळे उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. इनायतभाईंनी जीप आणली. रंगूबाईंना उचलून जीपमध्ये ठेवलं ते इनायतभाईंनी आणि जीपवाल्याने. दवाखान्यात डॉक्टरांनी साखर बघितली. पाचशेच्या वर होती. ते म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असतात तर आता आणूच नका म्हणालो असतो.

रंगूबाई वाचल्या. आता इंजेक्शन घेतात. नऊ दिवस त्या दवाखान्यात होत्या आणि नऊ दिवस दुकान बंद होतं. माहरुखभाभींनी डबा पाठवला, दोन्ही वेळचा, पथ्याचा. हे तुम्हाला ठाऊक नसेल. भाभींना मी हे बोललेलं आवडणार नाही. त्यांनी मघाशीच मान खाली घातली आहे.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. भिकाजीराव मध्ये. त्यांनी खिशातून ती पानं काढली आणि विचारलं, ‘‘ह्याच्यात तर गोळ्या बंद करा म्हणून लिवलंय. मग ह्ये झालं कसं?’’

इनायतभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होतो.

ते म्हणाले, ‘‘काका, छापताना पानं उलटी लागली. सरांनी नंतर दुरुस्ती केली होती, ती वर गेली. चूक माझी आहे.’’

भिकाजीरावांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी मान हलवली. होकारार्थी.

मंडळी, मला जे सांगायचं होतं ते हे. ती मान.

तुम्ही म्हणाल, पानं उलटी होती हे तर खरंच. हो, खरंच होतं. मी चार महिने स्वतःला हेच समजावलं. पण फुरकानसाहेबांच्या चार ओळी पहिल्या वाचा, मधे वाचा, शेवटी वाचा, त्या खऱ्याच राहतात. माझं वाक्य कुठल्याही पानावर असतं तरी खोटंच होतं. आणि ज्याला इनायतभाईंनी दुरुस्ती म्हटलं, त्यात मी काय दुरुस्त केलं होतं? तारतम्य बाळगा. बारा एकर उतारावर भात काढणाऱ्या, तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला तारतम्य होतंच. त्याला माहिती हवी होती. ती माझ्याकडे होती आणि मी ती दिली नाही, कारण माझा मान गेला असता.

त्या दिवसापासून कापड्यात एकच बोललं जातं. इनायतच्या कागदांनी रंगूबाईला मारलंच होतं. भिकाजीराव दुकानात यायचे थांबले. एसटीतून कुणी उतरवून घेतला नाही म्हणून गठ्ठा परत आला. पुढच्या शनिवारी दुसरा परत आला. मग आसपासच्या वाड्यांतूनही चिठ्ठ्या बंद झाल्या. काही जण याहून वाईट बोलले. इनायतभाई कोण आहेत आणि रंगूबाई कोण, यावर बोलले. ते शब्द मी इथे उच्चारणार नाही. मी ते ऐकले आहेत. पोलादपूरच्या गाडीत, माझ्या पुढच्याच बाकावर. बोलणाऱ्या दोघांतला एक माझा विद्यार्थी होता. एका वाक्यात त्याला गप्प करता आलं असतं. मी पोलादपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो.

आणि इनायतभाई काय करत होते? त्यांनी छापण्याची रीत बदलली. आता प्रश्न आधी येतो, उत्तर नंतर, आणि प्रत्येक पानावर हाताने घातलेला आकडा असतो. औषधाविषयी काही असेल तर फुरकानसाहेबांनी बघितल्याशिवाय छापत नाहीत. दर शनिवारी त्यांनी कापड्याचा गठ्ठा बांधला. न्यायला कुणी आलं नाही तरी बांधला. मी एकदा म्हणालो, कशाला कागद वाया घालवता? ते म्हणाले, ‘‘काकांनी नको म्हणून सांगितलेलं नाही सर. आले नाहीत, एवढंच.’’

मार्चात मी त्यांना म्हणालो की मी भिकाजीरावांना जाऊन सांगतो. खरं तर विचारलंच. शिक्षक माणूस परवानगी मागतो तेव्हा त्याला नकार हवा असतो. त्यांनी तो दिला. म्हणाले, ‘‘सर, तुम्हाला इथेच राहायचं आहे. माझं काय, अर्शद बोलावतोच आहे.’’

उद्या ते जातायत. कुणी म्हणेल, पगार चांगला आहे. असेलही. पण चार वर्षं अर्शद बोलावत होते आणि हे जात नव्हते.

इनायतभाई, असं बघू नका. आज मी वेळापत्रक वाचणार नाही.

या सभागृहात कापड्याचं आज कुणीही नाही. निमंत्रण मी स्वतः पाठवलं होतं, एसटीने. म्हणजे मी जे बोललो ते ज्यांनी ऐकायला हवं त्यांनी ऐकलेलं नाही, हे मला कळतं. तुमच्यासमोर बोलणं सोपं होतं. तुम्ही मला ओळखता, तुम्ही टाळ्याही वाजवाल. नका वाजवू.

इनायतभाईंबद्दल चांगले शब्द बोलायला मला बोलावलं होतं. माझ्याजवळ ते पुष्कळ आहेत. तीस वर्षं तेच शिकवलं. पण माझ्या चांगल्या शब्दांनी काय केलं ते तुम्ही आत्ताच ऐकलं. म्हणून साधं सांगतो. या माणसाने स्वतःचा नसलेला दोष चार महिने उचलला. मागितला नव्हता तरी उचलला. एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाही. रोज माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली, चहा सांगितला, आणि विचारलं, सर, आज काय नवीन?

अध्यक्षमहोदय, दहा मिनिटं केव्हाच झाली. घंटी तुमच्या हातात होती आणि तुम्ही ती वाजवली नाहीत, याबद्दल आभार. वाचनालयाने जागा दिली, फुरकानसाहेबांनी पाळी बदलली, माहरुखभाभींनी मला थांबवलं नाही, त्यांचेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, उल्लेखात काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. मी मान हलवली ती गोष्ट मात्र पोटात घालू नका. घरी जाऊन सांगा.

इनायतभाई, माझं चुकलं.

नमस्कार.

*

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी हे भाषण लिहून काढताना पुढचं जोडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी कापड्याला गेलो. भिकाजीराव पडवीत दाढी करत होते. मी उभ्यानेच सांगितलं. रंगूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर भिकाजीरावांनी एकच विचारलं, ‘‘हे इनायतला ठावं होतं?’’ मी हो म्हणालो. ‘‘पयल्यापासून?’’ पहिल्यापासून, मी म्हणालो. त्यांनी अर्धी राहिलेली दाढी तशीच पुसली आणि सदरा घालायला आत गेले. रंगूबाई म्हणाल्या, मीबी येते.

साडेदहाला आम्ही तिघं महाडच्या स्टँडवर उतरलो. इनायतभाईंची मुंबईची गाडी अकराची होती.